बुडाची साक्ष

डार्लिंग्टनला बहीण, स्वान्सीला मुलगा.
महिन्यातून एकदा वर जायचं, एकदा डावीकडं.
मी पीटरबरोची, वय शहात्तर,
उजवा खुबा धातूचा,
डावा अजून माझाच.

दोन्हीकडच्या गाड्या सख्ख्या बहिणी.
एकाच कारखान्यात जन्मल्या, एकाच नकाशावरून.
तेच लांबुळकं नाक,
दार मिटताना तोच सुस्कारा.
फक्त एक दिली लाल घरात, एक हिरव्या.
सासर बदललं की चाल बदलते.

भाचा माझा, लेनर्ड, डर्बीत इंजिनिअर.
फोन टेबलावर पालथा ठेवून
मग पडद्यावर थरथरती रेघ दाखवतो:
"बघ मावशी, दोघी सारख्याच.
फरक शून्य पूर्णांक शून्य दोन."
मी म्हटलं, तुझ्या फोनला माकडहाड आहे का?

सत्तावीस वर्षं मी डब्यांच्या सीटा शिवल्या.
चांगला फोम पावाच्या कणकेसारखा असतो.
बोट रोवलं की आधी अडतो, मग ऐकतो,
बोट काढलं की विसरतो.
ह्या दोघींचा फोम ऐकतच नाही.
लालमधला निदान नकार नीट देतो.
हिरवीतला देतो तो रागानं,
वर आर्म-रेस्ट कोपराला टोचतं.

लाल गाडीत मी शब्दकोडं पेनानं सोडवते,
हिरवीत पेन्सिलीनं.
एवढं खरं तर पुरे.
पण लेनर्डला नोंदी हव्यात,
म्हणून वही घातली.

चौदा मार्च, हिरवी. डिडकॉटनंतर चहा टेबलावर.
समोरच्या बाईंचा चष्मा तीनदा नाकावरून घसरला.
तिसऱ्यांदा त्या मला सॉरी म्हणाल्या.

दोन एप्रिल, लाल. ग्रँथमपर्यंत झोप. मान शाबूत.

नऊ एप्रिल, हिरवी. हादरे गेले कुठं?
चाकं नुकतीच लेथवर खरवडली असावीत.
ही नोंद धरायची की नाही, लेनर्डला विचारणे.

तीस एप्रिल, लाल. जागा मिळाली ती नेमकी चाकावर.
वर जे जे लिहिलं ते सगळं पुन्हा तपासणे.

आणि वहीच्या मागून एक पान,
कुठल्याच गाडीच्या नावावर नसलेलं.
रेटफर्डच्या अलीकडं एक धक्का लागायचा.
उजवीकडून, खालून,
कुणीतरी खुर्चीला गुडघा मारल्यासारखा.
सेड्रिक त्या पट्ट्यावर खडी भरायचा,
रात्री, रूळ मोकळा असायचा तेव्हा.
सकाळी बूट काढता काढता म्हणायचा,
"पुन्हा खचलं गं. खाली चिखल आहे.
त्याला काय कळतं, वरून जाते ती कुणाची गाडी."
तो गेला त्याला अकरा वर्षं झाली.
धक्का मात्र वेळेवर यायचा,
लाल गाडी यायच्या आधीपासूनचा,
तिच्या आधीच्या निळ्या गाडीतही होता तो.

मेच्या सतरा तारखेला मी सवयीनं
कप दोन्ही हातांनी उचलून धरला.
शेतं गेली, एक पांढरा घोडा गेला,
कालव्यावरची बोट गेली,
रेटफर्डची पाटी वाचताही न येता निघून गेली.
चहा हलला नाही.
डॉनकॅस्टर आलं तरी मी कप धरूनच होते.

तिथून एक मुलगी डब्यात चढली, हातात टॅबलेट,
बिल्ल्यावर नाव ओलुची.
"प्रवास आरामदायक वाटला का?
एक ते पाचमध्ये सांगाल?"
मी म्हटलं, फोम निकृष्ट आहे,
शिवण बरी आहे,
आणि रूळ
कुणीतरी फार छान दुरुस्त केलाय.
रुळाचा रकाना तिच्याकडं नव्हता.
तिनं तीनवर बोट टेकवलं,
माझ्या हातातला कप हळूच काढून घेतला,
म्हणाली, गार झालाय हा,
दुसरा आणू?